परभणी जिल्ह्यातील नोकरीचा अर्ज आणि तो लिहिणारे हात

परभणी जिल्ह्यात पगारी नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, हे समीकरण कितीतरी पिढ्या टिकले. सेलू, मानवत आणि परभणीच्या कापूस बाजारात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते, आडतीची दुकाने होती. पण तिथे माणूस लागे तो ओळखीने. मुनीम ठेवताना शेठ कागद मागत नसे, हा कोणाचा कोण एवढे विचारत असे. कागद मागणारा मुख्य मालक म्हणजे सरकार, त्यामुळे इथल्या नोकरीच्या अर्जाची घडण कचेरीतच झाली. आज जिंतूर, गंगाखेड किंवा पाथरीचा पदवीधर पुण्यातल्या कंपनीकडे सॉफ्टवेअर टेस्टरच्या जागेसाठी रेझ्युमे पाठवतो, तेव्हा त्यात हमखास सापडणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच या जुन्या कागदांमधून चालत आलेल्या असतात. एके काळी त्या चुका नव्हत्या, अर्ज स्वीकारला जाण्याच्या अटी होत्या.

१९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. संस्थानचा दिवाण सालारजंग पहिला याने १८६०च्या दशकात जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत विभागला, तेव्हापासून जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार आणि तालुक्याचा प्रमुख तहसीलदार ही रचना रूढ झाली. १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि संस्थानच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूतून चालू लागला. घरी मराठी बोलणारा, खेड्यातल्या पंतोजीकडे बाराखडी गिरवलेला उमेदवार तहसिलीत कारकुनी मागायला जाई, तेव्हा त्याची दरखास्त त्याच्या भाषेत नसे आणि बहुधा त्याच्या हातचीही नसे. कचेरीबाहेर अर्जनवीस बसत. उमेदवाराने तोंडी सांगायचे आणि अर्जनवीसाने चार पैसे घेऊन ते ठरलेल्या साच्यात बसवायचे, अशी रीत होती. सुरुवातीला हाकिमाचा गौरव, मग अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, जात, वय, राहण्याचा गाव, मग विनंती आणि शेवटी पुन्हा नम्रता. अर्जदाराला काय येते यापेक्षा तो कोण आहे हे अशा कागदात मोठे असे. १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्या आसपास होती. अशा प्रदेशात अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेण्यात कमीपणा नव्हता आणि दुसरा मार्गही नव्हता. मात्र एक सवय तिथून लागली. आपला कागद आपण लिहायचा नसतो, त्याची भाषा जाणणाऱ्याने तो लिहायचा असतो, ही ती सवय.

१९१९ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान याने मुलकी नियमांचे फर्मान काढले. संस्थानच्या नोकरीसाठी अर्जदार मुलकी, म्हणजे संस्थानचा रहिवासी असला पाहिजे आणि बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध केले पाहिजे, असा दंडक आला. उत्तर हिंदुस्थानातून आणि मद्रास इलाख्यातून येणाऱ्या शिकलेल्या लोकांपुढे स्थानिकांना संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण त्याने अर्जाला एक जोडकागद कायमचा चिकटला आणि अर्जापेक्षा दाखला वजनदार झाला. दाखल्याला किंमत आली की खोटा दाखलाही निघतो. १९५२च्या सप्टेंबरात वरंगळपासून हैदराबाद शहरापर्यंत पसरलेल्या मुलकी आंदोलनाच्या मुळाशी, बाहेरच्यांनी खोटे मुलकी दाखले काढून नोकऱ्या घेतल्या, ही तक्रार होती. मराठवाड्यात या आंदोलनाची धग तेलंगणाइतकी नव्हती, तरी नियम तोच होता आणि दाखल्याचा कागदही तोच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. पुढच्या काही वर्षांत अर्जाच्या भाषेची जी उलथापालथ झाली, ती इतिहासाच्या पुस्तकांत फारशी येत नाही. उर्दू मागे पडून कचेऱ्यांत इंग्रजी आली. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला आणि १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी कारभारात स्थिरावली. ज्या माणसाने १९४० साली उर्दू माध्यमातून शिक्षण घेतले, त्याच्या नोकरीच्या आयुष्यात तीन भाषांतले अर्ज आले. त्याचे उर्दूतले लेखन काही वर्षांतच निकामी झाले. पश्चिम महाराष्ट्रातला उमेदवार दोन-तीन पिढ्या इंग्रजी आणि मराठी अर्जांना सरावलेला होता. मराठवाड्यातला उमेदवार त्याच्याच रांगेत नवखा म्हणून उभा राहिला. नोकऱ्यांत मागे पडण्याची या भागाची जी जुनी तक्रार आहे, तिच्यात या भाषाबदलाचा वाटा जेवढा धरला जातो त्याहून मोठा आहे. १९५३च्या नागपूर कराराने राज्याच्या सेवांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले होते, पण अर्जच मागे पडत असेल तर प्रमाण कुठून येणार? १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते नोकऱ्यांचा आणि अनुशेषाचा प्रश्न घेऊन. त्या आंदोलनात पेटलेले वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. १९९९च्या १ मे रोजी हिंगोली वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले.

याच काळात अर्ज लिहिण्याची गरजच कमी करणारी एक व्यवस्था जिल्ह्याच्या गावी आली होती. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम देण्यासाठी १९४५ मध्ये देशात रोजगार विनिमय केंद्रे उघडली आणि १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. रिकाम्या जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक करणारा १९५९चा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्राच्या जन्माच्याच दिवशी, अमलात आला. परभणीत लोक त्याला 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घालणे' म्हणत. दहावी झाली की कार्ड काढायचे, मुदत संपण्याआधी ते नवे करून घ्यायचे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहायची. कार्डावर शिक्षण, जन्मतारीख, प्रवर्ग आणि व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक असे. उमेदवाराने स्वतःविषयी एक वाक्यही लिहावे लागत नसे. नाव वर सरके ते नोंदणीच्या तारखेने. नूतनीकरण चुकले तर ज्येष्ठता जाई, म्हणून गंगाखेडहून, जिंतूरहून मुले एसटीने परभणीला खेप घालत. त्या काळी अर्जातली सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ही चुकलेली तारीख. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ रोजगार केंद्राकडून आलेल्या नावांवर न थांबता जागांची जाहिरातही द्यावी. त्यानंतर कार्डाचा दबदबा ओसरला. पण पस्तीस वर्षांत दोन पिढ्यांची समजूत अशी झाली होती की पात्रता ही नोंदवण्याची गोष्ट आहे, मांडून दाखवण्याची नव्हे.

कार्डाच्या जोडीला होती टायपिंगची संस्था. मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र म्हणजे कारकुनीची किल्ली. संस्थेत सराव संपवून गेलेला मुलगा गावातल्या बाकीच्यांचे अर्ज टाइप करून देई, आणि अर्जनवीसाची जागा आपसूक त्याच्याकडे आली. १९९०च्या दशकात टाइपरायटर जाऊन डीटीपीचा संगणक आला, शेजारी झेरॉक्सचे यंत्र आले. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्यांत संगणक पोहोचवला. दुकानदाराच्या संगणकात एक बायोडाटा तयार असे. नाव, पत्ता, टक्केवारी बदलून तो दिवसाकाठी अनेकांना देता येई. त्यात वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, छंद आणि तळाशी वरील माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापन, ठिकाण, दिनांक, सही. याच रकाने-ओळींचा, उंची आणि रास वाढवलेला दुसरा कागद त्याच दुकानात लग्नासाठी छापला जाई. सरकारी भरतीत यातल्या बहुतेक ओळी लागत होत्या. प्रवर्गाशिवाय आरक्षण नाही, जन्मतारखेशिवाय वयोमर्यादा तपासता येत नाही आणि प्रतिज्ञापनाशिवाय खोट्या माहितीबद्दल जबाबदार धरता येत नाही. २००५ पासून तर लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापनही लागू लागले. गुणपत्रिकांच्या प्रती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणणे हा दिवसभराचा उद्योग असे. राज्य शासनाने स्वसाक्षांकनाला मान्यता दिली ती २०१५ मध्ये.

हा सगळा वारसा घेऊन परभणीचा पदवीधर पुण्याच्या संगणक उद्योगासमोर गेला. पुण्यात १९९० मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले, दशक संपता संपता हिंजवडीत कंपन्यांची रांग लागली. नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि औरंगाबादच्या महाविद्यालयांतून निघालेले अभियंते तिथे गेलेच. पण १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या बीएस्सी आणि बीसीएच्या मुलांना जे दार उघडे सापडले, ते टेस्टिंगचे. सॉफ्टवेअरची चाचणी हे वेगळे शास्त्र आहे, हे ग्लेनफर्ड मायर्सच्या १९७९च्या पुस्तकापासून मान्य होत आले होते. चाचणीच्या कागदपत्रांचे आयईईई ८२९ हे मानक १९८३ मध्ये आले, आयएसटीक्यूबी ही प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था २००२ मध्ये उभी राहिली. भारतीय कंपन्यांनी परदेशी ग्राहकांची चाचणीची कामे स्वतंत्रपणे घ्यायला सुरुवात केली आणि हाताने चाचणी करणाऱ्यांची मागणी वाढली. प्रोग्रामिंगची धास्ती असलेल्या मुलाला, कोडिंग न करता आयटीत जाण्याची वाट, असे टेस्टिंग सांगितले गेले. हे सांगणे पुरते खरे नव्हते, पण त्यावर पुण्यात गल्लोगल्ली क्लास उभे राहिले आणि हैदराबादेत अमीरपेठ आयटीच्या क्लाससाठी प्रसिद्ध झाले.

क्लासने शिकवण्याबरोबर रेझ्युमेही दिला, आणि जुनी रीत पुन्हा चालू झाली. एका तुकडीतल्या सगळ्यांचा रेझ्युमे एकाच फाइलवरून निघतो. वर उद्दिष्टाची तीन ओळींची इंग्रजी, आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावण्याची. खाली एसडीएलसी, एसटीएलसी (सॉफ्टवेअर विकासाचे आणि चाचणीचे टप्पे), बग लाइफ सायकल यांचे ज्ञान असल्याची विधाने. मग एका बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या प्रणालीचा 'प्रोजेक्ट'. भरती करणाऱ्याच्या टेबलावर एका सकाळी असे पन्नास रेझ्युमे येतात आणि त्यांतली एकच ओळ पन्नास वेळा दिसते. ती ओळ खरी असली तरी तिने उमेदवाराविषयी काहीही कळत नाही.

इथे टेस्टरच्या कामाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते, कारण या व्यवसायात रेझ्युमे हा केवळ परिचय नसतो, कामाचा नमुनाही असतो. टेस्टर दिवसभर जे लिहितो तो दोषाचा अहवाल असतो. काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या ब्राउझरवर झाले, दोष किती गंभीर आहे आणि तो किती तातडीने दुरुस्त व्हायला हवा. हे इतके नेमके लिहावे लागते की वाचणाऱ्या प्रोग्रामरला ते पावलापावलाने पुन्हा घडवून पाहता यावे. असा माणूस निवडताना कंपनी त्याचा पहिला लिखित कागद कोणत्या नजरेने वाचेल, हे उघड आहे. एका ठिकाणी महिना अक्षरात आणि दुसऱ्या ठिकाणी अंकात, एकाच साधनाचे स्पेलिंग दोन प्रकारे, पदवीचे वर्ष आणि नोकरीचे वर्ष एकमेकांवर चढलेले, मोबाइलचा बंद पडलेला क्रमांक, मधला एक परिच्छेद वेगळ्या टाइपात. इतर व्यवसायांत हे दुर्लक्षिले जाईल. टेस्टिंगमध्ये मात्र अशा उमेदवाराला स्वतःच्या दोन पानांतले दोष सापडले नाहीत, एवढाच निष्कर्ष निघतो, आणि तो अन्यायाचा नाही.

प्रोजेक्टच्या मजकुरातली चूक अधिक खोल आहे. बहुतेक रेझ्युमे ती प्रणाली काय करते याचे वर्णन करतात; ग्राहक खाते उघडतो, पैसे पाठवतो, पासबुक पाहतो. उमेदवाराने त्यात काय केले, हे कुठेच येत नाही. किती टेस्ट केस लिहिल्या, कोणत्या भागाच्या, त्यातून कोणता दोष सापडला, तो जिरा या दोष नोंदवण्याच्या साधनात कसा नोंदवला, दुरुस्तीनंतर रिग्रेशन चाचणीत पुन्हा काय तपासले, हे दोन ओळींत लिहिता येते. साधनांच्या यादीचेही तसेच. २००४ मध्ये शिकागोतल्या एका कंपनीत जन्मलेले सेलेनियम हे स्वयंचलित चाचणीचे साधन आज जवळपास प्रत्येक टेस्टरच्या रेझ्युमेत आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि पानावरचा घटक शोधणारा लोकेटर लिहिता न आल्याने यादीतली बाकीची खरी साधनेही संशयास्पद ठरतात. पोस्टमन या साधनावर एपीआय तपासता येतो आणि एसक्यूएलमध्ये जॉइन लिहिता येतो, एवढे दोनच दावे केलेला नवशिक्या अशा वेळी पुढे जातो.

परभणीच्या मुलांकडून होणारी एक चूक मात्र लपवण्याची आहे, आणि तिचे नुकसान फारसे कोणी बोलून दाखवत नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे. कृषी पदवी घेऊन टेस्टिंगकडे वळलेला उमेदवार ती पदवी एका ओळीत उरकतो, गावच्या सेवा केंद्रात लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरून दिल्याचा उल्लेखही टाळतो. वस्तुतः टेस्टिंगमध्ये विषयज्ञानाला मोल आहे. २०१६ मध्ये पंतप्रधान पीकविमा योजना आली, तेव्हापासून सातबारावरचे नाव आणि बँकेतले नाव जुळत नाही म्हणून अडकलेला अर्ज, शेवटच्या रात्री बसलेले संकेतस्थळ, गट क्रमांकात तिरकी रेघ दिली की येणारी अडचण, हे ज्याने प्रत्यक्ष निस्तरले आहे, त्याने खऱ्या वापरकर्त्यांसमोर केलेली चाचणीच अनुभवली आहे. विमा, शेतीकर्ज किंवा सरकारी सेवांची प्रणाली बांधणाऱ्या कंपनीला या अनुभवाची ओळ क्लासच्या बँक प्रोजेक्टपेक्षा जास्त उपयोगी आहे.

उलट जे काढायला हवे ते राहून जाते. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, छायाचित्र, तळाचे प्रतिज्ञापन आणि सही यांची खासगी कंपनीला निवडीसाठी गरज नसते. १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळांवर रेझ्युमे आधी यंत्र वाचते आणि मग माणूस. यंत्र शब्द शोधते. चौकटी, दोन रकाने आणि चित्रात बसवलेला मजकूर अनेकदा त्याला नीट वाचता येत नाही. डीटीपीच्या दुकानातला नक्षीदार बायोडाटा इथे अडतो. जाहिरातीत मॅन्युअल टेस्टिंग, एपीआय टेस्टिंग असे शब्द असतील आणि ते काम उमेदवाराला येत असेल, तर तेच शब्द साध्या मजकुरात येणे पुरेसे असते.

खोट्या अनुभवाचा प्रश्न सर्वांत गंभीर. नवशिक्यांना जागा कमी आणि दोन-तीन वर्षे अनुभवाच्या जागा जास्त, या कोंडीत काही मध्यस्थ पैसे घेऊन अनुभवाचे पत्र आणि पगाराच्या पावत्या देऊ लागले. मुलकी दाखल्याच्या बाबतीत जे झाले, तेच इथे वेगळ्या कागदावर झाले. उद्योगाने त्यावर उपाय शोधले. नॅसकॉमच्या पुढाकाराने २००६ मध्ये कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय कौशल्य नोंदणी सुरू झाली. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीचा कायम क्रमांक आल्याने कोणत्या मालकाने कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत वर्गणी भरली, हे पाहता येऊ लागले. पत्र खोटे छापता येते, पण महिनोन्‌महिने जमा झालेली वर्गणी मागाहून उभी करता येत नाही. पडताळणीत पकडला गेलेला उमेदवार रुजू झाल्यावरही काढला जातो, आणि मध्यस्थ तोवर पुढच्या तुकडीकडे वळलेला असतो. शिक्षणातला किंवा नोकरीतला खंड उघड लिहावा, त्या काळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला असेल तर तसे सांगावे; असा खंड हे परभणीतल्या हजारो घरांत घडलेले वास्तव आहे आणि मुलाखत घेणाऱ्याला ते समजते.

पडताळणीत अडकण्याचे दुसरे कारण निरागस आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) विभागीय मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव आडनावापासून सुरू होते, मग स्वतःचे, मग वडिलांचे. आधारवर ते बहुधा वेगळ्या क्रमाने असते, पॅनवरच्या नावात वडिलांचे नाव कधी येते, कधी गळते, आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाने केलेले असते. रेझ्युमेवर तिसरेच रूप लिहिले की कंपनीने नेमलेली पडताळणी संस्था कागद परत पाठवते आणि रुजू होण्याची तारीख लांबते. आधार आणि पॅनवरचे नाव प्रमाणपत्राप्रमाणे आधीच दुरुस्त करून घेणे, तेच स्पेलिंग रेझ्युमेवर, ई-मेलच्या नावात आणि फाइलच्या नावात ठेवणे, हे अर्ज पाठवण्याआधी करण्याचे काम आहे. विवाहानंतर नाव बदललेल्या मुलींना राजपत्रातील नोंदीची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावे लागते. ते मिळवायला वेळ लागतो, म्हणून मुलाखतीची तारीख येण्याआधीच त्याचा अर्ज झालेला बरा.